कॉलरीच्या आतलं नाव

५ ऑक्टोबर

धाकटे,

खुशाली शेवटी विचारीन, आठवलं तर. तुझा फोन कायम तुझ्या लेकाच्या खिशात असतो. त्याच्याबद्दल त्याच्याच फोनवर काय बोलू? म्हणून कागद घेऊन बसले. माझं अक्षर चौथीतलं आहे, ते तिथंच थांबलं. लागेल तेवढं लावून घे.

परवा रविवारी तुझ्या लेकाचा संघ आमच्या मैदानावर फुटबॉल खेळायला आला होता. आम्ही जिंकलो असं त्यानं तुला सांगितलं असेल. जिंकले नाहीत. आमचा गोली मैदान सोडून गेला, म्हणून गुण त्यांना मिळाले. तो का गेला ते मी सांगते, कारण ते ऐकणारी मी एकटी होते.

नळ आणि कपडे वाळत घालायची दोरी गोलच्या मागं आहे, हात-दोन हातांवर. मी संघाचे मोजे पिळत उभी होते. आमचा गोली चांगला आहे गं. गरीब आहे. खेळ सुरू होताना खांबाला हात लावून डोळे मिटतो आणि दोन ओळी पुटपुटतो. त्याचा देव वेगळा, आपल्यातला नव्हे, पण पुटपुटतो म्हणून कुणाचं काय गेलं? तुझा लेक त्याच्यासमोर उभा राहून तसंच पुटपुटल्याची नक्कल करायला लागला. मला वाटलं, चेष्टा चाललीय. मग कोपऱ्यावरून चेंडू यायच्या वेळी दर खेपेला त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागला. चौथ्या खेपेला मला शब्दन्शब्द ऐकू आला. "ए डांबर, पुटपुटून काय होतंय? तुझ्या देवाला तरी तू दिसतोस का रे अंधारात? आलास तिकडं जा की परत."

गोलीनं हातमोजे काढले, खांबाशी नीट ठेवले, एकावर एक, आणि चालत बाहेर गेला. पंच म्हणाला, मला काही ऐकू आलं नाही. तो तीस हातांवर होता, त्याला कुठून येणार?

आता तू म्हणशील, डांबर तर तुम्हीही म्हणता. म्हणतो. पण आमच्यात सगळ्यांची नावं कामावरूनच आहेत. एक वायरमन, एक बेकरीवाला, एक मास्तर, एक टेम्पो. हा रस्त्याच्या कामावरचा, म्हणून डांबर. शर्टांवरचे नंबर धुऊन धुऊन निघून गेलेत, शाईही टिकत नाही, म्हणून प्रत्येकाच्या कॉलरीत आतून मीच नाव टाकते. चार वर्षं झाली, त्याच्या कॉलरीत लाल दोऱ्यानं डांबर असंच टाकते मी. ते वेगळं आणि तुझ्या लेकाचं वेगळं. एकच शब्द, पण एक माणूस हाक मारतो आणि दुसरा थुंकतो, एवढं मला कळतं.

गोलीनं सामने भरवणाऱ्या मंडळाकडं तक्रार केली आहे. सहा नोव्हेंबरला सुनावणी आहे. त्याच्या बाजूनं बोलायला एक साक्षीदार लागतो, आणि तो मी आहे. त्याआधी तू लेकाचा कान धरून त्याला इकडं आण. तोंडानं माफी मागू दे. दोन वर्षं माझ्या घरात वाढलाय तो, माझ्या हातचं जेवलाय. भर मंडळात मावशीनंच त्याच्याविरुद्ध बोलायचं, ही पाळी माझ्यावर आणू नकोस.

तुझी गुडघेदुखी कशी आहे? बघ, आठवलं.

ताई


१२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. किती दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं. आधी बरं वाटलं, मग वाचलं.

मी त्याला विचारलं, ताई. समोर बसवून विचारलं. तो म्हणतो, असं काही झालंच नाही. खेळताना सगळेच एकमेकांना चिडवतात, नाही तर खेळ कसला? तो म्हणतो, त्यांचा गोली आधीच दोन गोल खाऊन बसला होता, पळून जायला निमित्त हवं होतं. आता दोघांत खरं कोण, आपण कशाला सांगायचं?

रागावू नकोस, पण तुला नीट ऐकू आलं याची खात्री आहे का? लहानपणी तुझा डावा कान फुटला होता, आई कोमट तेल घालायची. त्यात नळ चालू होता म्हणतेस. वारा असेल, लोकांचा आरडाओरडा असेल. माणसाला वाटतं ऐकलं.

आणि तूच लिहिलंयस की तिथं सगळे त्याला त्याच नावानं हाक मारतात, कपड्यांवरसुद्धा तेच आहे. मग माझ्या लेकानं म्हटलं तर काय आभाळ कोसळलं? तुमचं प्रेम आणि आमची शिवी, असं कसं गं?

तुला सांगायचं राहिलं होतं, खरं तर फोनवर सांगणार होते. त्याला शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून घेतायत. मुलाखत झाली, फक्त कागद यायचा आहे. तीन वर्षं नुसता घरी बसून होता, तुला माहीत आहे. आता असलं काही त्याच्या नावावर लागलं तर ते घेतील का? त्याच्या बापाला ब्लडप्रेशर आहे. मी कुणाकुणाला सांभाळू?

तुझा जीव आहे त्याच्यावर, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी काही बोलत नाही. सहा तारखेला तू गेली नाहीस तर कुणाचं काय बिघडणार आहे? तो गोली दुसऱ्या कुठल्या संघात खेळेल.

गुडघा तसाच आहे. जिना उतरताना जास्त.

तुझी,
धाकटी


१६ ऑक्टोबर

धाकटे,

डावा कान फुटला होता. उजवा शाबूत आहे, आणि गोल माझ्या उजव्या हाताला होता. नळ मी बंद केला होता. संपला कानाचा विषय.

तो दुसऱ्या संघात खेळेल म्हणतेस. कुठल्या? तुझ्या लेकाच्या?

गेला आठवडाभर मी आमच्याच लोकांच्या दारात फिरतेय. एकीपेक्षा दोन साक्षी बऱ्या, म्हणून. आमच्या सेक्रेटरीकडं गेले. तो कागदावरून डोकं न उचलता म्हणाला, "मावशी, तुम्ही कपड्यांचं बघा. प्रकरण वाढवण्यात संघाचा फायदा नाही." मी म्हटलं, "प्रकरण मी वाढवलं का? मी तर मोजे पिळत होते." वायरमनकडं गेले. तो बिचारा शिडीवर होता, वरूनच बोलला. "ऐकलं असेल काहीतरी, मावशी, पण मी दुसऱ्या टोकाला होतो ना. आणि खरं सांगू? त्याच्यापायी आपले गुण गेले. एवढं मनावर घ्यायचं नसतं." मास्तर म्हणाला, विचार करून सांगतो. मास्तर लोक विचार करायला लागले की समजायचं, नाही म्हणतायत.

बेकरीवाला तेवढा बोलला, "मी येतो." मग संध्याकाळी त्याची बायको येऊन सांगून गेली की ते येणार नाहीत, त्यांची भट्टीवर पाळी आहे. पाळी बायकोनं लावलेली दिसत होती.

दमले गं. गुडघे तुझे दुखतात आणि पायपीट माझी होते. एवढे मोठे मोठे बाप्ये, मैदानात एकमेकांच्या गळ्यात पडतात, माझ्याकडून एका दमात चार-चार बादल्या चिखल धुऊन घेतात, आणि एक वाक्य बोलायचं म्हटलं की प्रत्येकाला पाळी लागते.

शाळेची बातमी वाचली. चांगली आहे. मला आनंद झाला असता. तो खरं बोलला आणि माफी मागितली, तर मी मंडळाला हात जोडून सांगीन की पोराचं नुकसान करू नका. त्याच्यासाठी मी एवढं करीन. गप्प बसण्याचं मात्र मला सांगू नकोस. गप्प बसून माझं काम होत नाही, कपडे बडवायचे तरी आवाज होतो.

ताई


२५ ऑक्टोबर

ताई,

तू सहाला जाऊ नकोस. हात जोडते.

तुला मूल नाही, म्हणून तुला हे सोपं वाटतंय. पोटचा असता तर तुझा उजवा कानही फुटका निघाला असता.

मी जे करीन ते आईच्या जागी राहून करीन. पुढं काही कळलं तर मला माफ कर.

धाकटी


८ नोव्हेंबर

तुला काय म्हणून सुरुवात करू, कळत नाही. नुसतंच लिहिते.

परवा मी गेले होते. तुझा लेक तिथं होता, नवीन शर्ट घालून. पाया पडायला आला. मी पाय मागं घेतले. तू कुठं होतीस? तू यायला हवं होतंस. स्वतःच्या कामाची शोभा बघायला तरी.

शाळेची खोली होती. लहान मुलांची बाकं, त्यांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो. समोर टेबलामागं मंडळाचे तिघं. एकाचं लक्ष सारखं घड्याळाकडं. मला उभं केलं. मी जे ऐकलं ते सांगितलं, जसंच्या तसं, देवाचंसुद्धा. माझा आवाज हलला नाही. मग तुझ्या लेकाच्या संघाचा सेक्रेटरी उठला. गोड बोलणारा माणूस. "बाई, तुमच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, खरं ना?" मला तिथंच समजायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "उजव्यानं येतं. ह्या साहेबांनी आत्ता शेजारच्यांना सांगितलं की हिचं लवकर आटपा, जेवण थंड होतंय, तेही आलं." दोघंजण हसले. मला वाटलं, जिंकले मी.

मग त्यानं एक कागद काढला. "हे अक्षर तुमचं का?"

माझंच अक्षर. झेरॉक्स काढलेलं. माझ्या चुकांसकट, खाडाखोडीसकट. त्यानं अख्खं पत्र वाचलं नाही. तुझ्या लेकानं काय म्हटलं ते वाचलं नाही. "चार वर्षं झाली, त्याच्या कॉलरीत लाल दोऱ्यानं डांबर असंच टाकते मी." एवढंच वाचलं. दोनदा. मग म्हणाला, "जो शब्द ह्यांच्या स्वतःच्या संघात रोजच्या हाकेचा आहे, कपड्यावर शिवलेला आहे, तो आमच्या खेळाडूनं उच्चारला तर अपमान कसा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ओरडले, बाकीचं वाचा की! घड्याळवाला म्हणाला, बाई, बसा.

गोली संघाच्या कपड्यांत आला होता. माझ्या हातचे धुतलेले. घड्याळवाल्यानं त्याला विचारलं, "दाखवता का?" तो उभा राहिला. मान वाकवली आणि स्वतःच्या हातानं कॉलर मागं दुमडली. तिघांनी आळीपाळीनं वाकून वाचलं. शाळेत पोरांची नखं बघतात ना, तसं.

निकाल तिथंच दिला. शब्द सर्रास वापरातला, त्यामुळं अपमान सिद्ध होत नाही. देवाबद्दलचं बोलणं एकाच साक्षीवर मान्य करता येत नाही, त्यात साक्षीदाराच्या कानाबद्दल शंका. आणि परवानगीवाचून मैदान सोडलं म्हणून गोलीला दोन सामने बंदी. चोर सोडून संन्याशाला सुळी.

आता पुढचं ऐक. हे मी रागानं लिहीत नाही. परत येताना बसमध्येच कुठंतरी राग संपला.

बाहेर पायरीवर तो बसला होता. मी शेजारी बसले. मला म्हणायचं होतं की माझ्या मनात तसं नव्हतं. म्हणून म्हटलं, "मी तर तुझ्या कामावरून टाकलं होतं रे. बाकी सगळ्यांचं टाकते तसं. रस्त्याच्या कामावरून."

तो माझ्याकडं बघायला लागला. "कुठलं रस्त्याचं काम, मावशी?"

"तू डांबराच्या गाडीवर नाहीस?"

"मी चष्म्याच्या दुकानात आहे. काचा घासतो. अकरा वर्षं झाली."

धाकटे, त्याचे हात मी चार वर्षं बघतेय. नखं कापलेली, बोटं स्वच्छ. डांबरावरच्या माणसाचे हात असे असतात का? दोन दिवस राहून जातं ते नखांत, मला धुणारीला कळायला नको? पण वायरमननं पहिल्याच दिवशी सांगितलं, "हा डांबर," आणि मी मनानंच त्याला रस्त्यावर कामाला लावला. त्याचं खरं काम काय, हे मी कधी विचारलंच नाही. त्याचा रंग बघितला आणि उत्तर मिळालं.

मी म्हटलं, "मग तू बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "कुणाकुणाला सांगत बसू, मावशी? सगळे तोंडावर म्हणत होते. तुमचं निदान कॉलरीच्या आत होतं."

मला रडू आलं नाही. मी त्याला त्याचं नाव विचारलं.

त्यानं मला त्याचं नाव सांगितलं. ते मी तुला लिहीत नाही. तुझ्या हाती कागद लागला की तो कुठं जातो, ते मला आता माहीत झालंय.

उत्तर पाठवू नकोस.


१९ नोव्हेंबर

ताई,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतेय. फाडून टाकलंस तरी चालेल.

तुझं पत्र त्यानं मागितलं नव्हतं. मीच दिलं. त्याला माहीतही नव्हतं की तू काय लिहिलंयस. मी त्याच्या संघाच्या सेक्रेटरीकडं स्वतः गेले, पिशवीत घालून. कानाचंही मीच सांगितलं. तिथं बसून चहा घेतला. घरी आले तेव्हा मला वाटत होतं, मी केवढं शहाणपणाचं काम केलं.

गेल्या रविवारी शाळेचा कागद आला. दुपारी त्याचे मित्र जेवायला आले होते. मी वाढत होते. कुणीतरी म्हणालं, करून दाखव की. तो उठला, दाराच्या चौकटीला हात लावला, डोळे मिटले, ओठ हलवले. मग स्वतःच दुसऱ्या बाजूला जाऊन बोलला. तू लिहिलेलं सगळं बोलला. तू न लिहिलेलंही बोलला. चार वेळा कोपऱ्यावरून चेंडू आला, तर चारी वेळचं वेगवेगळं. तुला एकच ऐकू आलं, ते बरं झालं.

सगळे हसले. मी पण हसले, ताई. हातात पातेलं होतं आणि मी हसले, कारण तो नक्कल फार चांगली करतो, लहानपणापासून करतो. आणि मग माझं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आतलं सगळं विझून गेलं. तो एकटा उभा राहून खांबाला हात लावणारा कुणीतरी माणूस आहे, हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी माझ्याच पोराला वाचवत होते, पलीकडं कोण आहे ते बघितलंच नाही.

मी म्हटलं, "म्हणजे तू बोलला होतास." तो म्हणाला, "सोड ना आई, संपलं ते."

सोमवारपासून तो शाळेत जातोय. तिथं सगळ्या तऱ्हेची मुलं आहेत. मी डबा भरते आणि मला काही सुचत नाही.

तुला मूल नाही म्हणाले होते. ते परत घेता येत नाही, हे मला माहीत आहे.

धाकटी


२३ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ही दुसरी साक्ष आहे. मंडळाला नवीन पुरावा तीस तारखेपर्यंत देता येतो. दिला तर पुन्हा ऐकतात.

मी खोटं कशाला बोलू? मी पाकीट आणलं. तू केलंस तेच करणार होते. तेवढी भरपाई माझी होते, असं मला वाटलं.

पाकिटावर मंडळाचा पत्ता लिहून घ्यायला गोलीच्या दुकानात गेले. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. मी सांगितलं, एक कागद मिळालाय. तो म्हणाला, "कुणाचा?" सांगितलं. "त्यांना विचारलंत?" म्हटलं, "तिनं मला विचारलं होतं का?" त्यानं भिंग काढून ठेवलं. "मग नको, मावशी. मला पुन्हा खेळायचंय, पण चोरून आणलेल्यावर नाही. आधीच माझ्याबद्दलचं सगळं माझ्या पाठीमागंच चाललेलं असतं."

म्हणून तुझं पत्र तुला परत पाठवतेय. याच पाकिटात आहे, बघ. झेरॉक्स काढलेली नाही. मंडळाचा पत्ता मागच्या बाजूला गोलीच्या अक्षरात आहे, वाचता येईल असा.

जायचं की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही. त्या पोराची नोकरी मलाही प्यारी आहे, तुला वाटतं तेवढी मी दगड नाही. पण गेलीस तर पोस्टानं पाठवू नकोस. तोंडानं बोल. कागदाचं काय होतं ते आपण दोघींनी बघितलंय.

ताई


१ डिसेंबर

ताई,

काल गेले होते. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला. त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, दोनदा वाटलं उठून जावं. कारकुनानं विचारलं, कुणाविरुद्ध? म्हटलं, माझ्या मुलाच्या. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, बाई, घरी भांडण झालंय का? मी म्हटलं, अजून नाही, आता होईल.

झालं. तो त्याच्या मित्राकडं राहायला गेलाय. त्याचे बाबा माझ्याशी बोलत नाहीत, ताट मात्र वाढून घेतात.

मी बरोबर केलं का, ते सांगू नकोस. शाबासकी तर अजिबात देऊ नकोस.

धाकटी


२० डिसेंबर

धाकटे,

शाबासकी देत नाही. तुझ्या लेकाला यंदाचा उरलेला हंगाम खेळायला बंदी केलीय आणि गोलीच्या नावावरची बंदी खोडलीय, ते तुला कळलं असेलच. बंदीचे दोन्ही सामने बसून काढल्यावर खोडली, पण खोडली. शाळेचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग.

काल गोली पुन्हा खेळला. तुझ्यामुळं खेळला, म्हणून तुला कळवणं भाग आहे.

आधी आमच्या लोकांची मजा सांगते. त्याला हाक काय मारायची, तेच कुणाला कळेना. चार वर्षांची सवय. वायरमन "ए डां—" म्हणून थांबायचा आणि खोकायचा. सामनाभर खोकत होता, बघणाऱ्याला वाटावं याला दमा आहे. नाव पाठ करायला सांगितलंय मी सगळ्यांना. मास्तर म्हणाला, अवघड आहे उच्चारायला. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही अवघड शब्द शिकवायचाच पगार घेता ना?

तिकडचा संघ वेगळाच होता, तुझ्या लेकाचा नव्हे. मला वाटलं होतं, आता मंडळाचा निकाल सगळीकडं लागलाय, तोंडं बंद होतील. डोंबल. अर्धा तास झाला नाही तोच कडेला उभ्या असलेल्या त्यांच्या माणसांतला एक ओरडला. तोच देवाचा विषय, शब्द नवीन. मी हातातला टॉवेल टाकला आणि निघाले. पण माझ्या आधी पंचानं शिट्टी मारली.

हा तोच पंच, मागच्या वेळचा. त्याला ऐकू आलं. खेळ थांबवला आणि चालत चालत कडेपर्यंत गेला, पोट सुटलेला माणूस, घाई केली नाही. ओरडणाऱ्याला फाटकाबाहेर काढला. तो जाईना, तर पंच म्हणाला, "तुम्ही जाईपर्यंत मी शिट्टी मारणार नाही." सगळे वैतागले. त्यांचे वैतागले, आमचेही वैतागले. थंडी होती, अंग गार पडत होतं. कुणी म्हणालं, सोडा ना राव, चालू करा. चार मिनिटं गेली. मी घड्याळ बघितलं नाही, पंचानं मागाहून वाढवून दिली म्हणून कळलं. चार मिनिटं एकवीस माणसं कुरकुरत उभी होती, आणि गोली खांबाला टेकून हातमोज्याचा पट्टा घट्ट करत होता.

मग तो माणूस गेला आणि खेळ सुरू झाला. बस, एवढंच. टाळ्या नाहीत, काही नाही. एवढ्यासाठी तुझं घर मोडायला आलं आणि माझ्या तोंडाची चव गेली. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं होईल.

आम्ही हरलो. शेवटच्या पाच मिनिटांत गोलीच्या दोन पायांमधून चेंडू गेला, इतका साधा की मीसुद्धा अडवला असता. खोलीत आल्यावर सगळे त्याच्यावर तुटून पडले. "पाय जवळ घेता येत नाहीत का?" "झोपला होतास का?" "आंधळ्या, दुकानातनं एखादा चष्मा लावून येत जा!" बेकरीवाल्यानं तर ओला मोजा फेकून मारला.

मी दारात बादली घेऊन उभी होते, कान टवकारून, दोन्ही. रंगाचा एक शब्द नाही. देवाचा नाही. चार वर्षांत पहिल्यांदा लोक त्याला नुसता वाईट गोली म्हणत होते. आणि तो मान खाली घालून, बुटाची नाडी सोडत, ऐकून घेत होता, इतर कुणीही घेतलं असतं तसं.

ताई